मागच्या गल्लीतली खोली

शिंपीमास्तरांचा जन्म लोकांच्या कंबरा मोजण्यात गेला, पण आकडा त्यांनी कधी मोठ्याने उच्चारला नाही. गिऱ्हाईक पोट आत ओढून म्हणायचं, "मास्तर, जुन्या मापानंच शिवा." मास्तर "बरं" म्हणायचे, गुपचूप दोन बोटं कापड वाढवायचे आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. माणसाला त्याचं माप तोंडावर सांगू नये, एवढंच त्यांच्या धंद्याचं शास्त्र.

दुकानाची इमारत पाडायला निघाली तोवर बायकोही गेली होती. बोलायला उरल्या त्या भिंती, त्याही आता पडणार. मोठ्या शहरातला मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, इकडेच या ना. खोली बघू तुमच्यासाठी." मास्तर हरखले. मुलाजवळ राहावं, संध्याकाळी नातीला फिरवावं, एवढीच त्यांची हाव. पोटापुरतं काय, शिलाई मशीन मिळवून देईल.

मुलाकडे सोफ्यावर मुक्काम पडला. मुलगा रोज एकेक वस्ती सुचवायचा. पहिली नदीपलीकडची. "भाडं निम्मं आहे, बाबा." निम्मं खरं, पण बसमध्ये बसून मास्तरांचं अंग आंबून गेलं. दुसरी कारखान्यांजवळची, भाडं आणखी कमी, नात आणखी लांब. तिसऱ्या वस्तीत तर बस थांबते त्याच्याही पुढे तंगडतोड करावी लागली. घरमालक भला माणूस. म्हणाला, "इथे शांतता फार." शांतता कसली! तिथलं कुत्रंसुद्धा भुंकायला कोणी मिळेल का म्हणून वाट बघत बसलं होतं.

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी ती हाकलून दिली. पोरगं आपल्या पैशाची काळजी करतंय, दुसरं काय!

आणि परत येताना मुलाच्या घरामागच्याच गल्लीत पाटी दिसली. खोली लहान, पण उजेड भरपूर. खिडकीतून मुलाची बाल्कनी दिसत होती, तिथे नातीचा फ्रॉक वाळत होता. मालकीणबाईंनी भाडं सांगितलं, तेही शिलाईत भागण्यासारखं. मास्तरांनी खिशातून टेप काढली. मशीन आणि खाट मांडून वर हातभर जागा उरत होती. "उद्या सांगतो," म्हणाले खरे, पण मनातल्या मनात त्या खिडकीचा पडदा शिवूनसुद्धा झाला होता.

जेवताना त्यांना राहवेना. "अरे, मागच्याच गल्लीत खोली आहे! भाडंही झेपेल."

मुलाचा घास हातातच राहिला. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने ताटाकडे. "तिथे... ओल येते म्हणे भिंतींना," तो म्हणाला. "आणि नदीपलीकडची काय वाईट आहे, बाबा? रविवारी जमेल तसं येऊ की आम्ही."

एकटेपणा दुकानात होता, घरात होता, पण इतका जवळ येऊन कधी बसला नव्हता. मुलगा मान वर करत नव्हता. खिशावरून हात फिरवून मास्तरांनी टेप चाचपली.

"सांगायचं राहिलंच," ते म्हणाले. "मी मोजून बघितलं रे. मशीन मावत नाही तिथे."

"बघा, मी म्हणतच होतो!" मुलगा मोकळेपणाने हसला, आणि वडिलांच्या ताटात आग्रहाने वाढू लागला.