‘माझा’ म्हण, पोरी

आमच्या घरात निवांत बसून भाजी चिरायची सोय नव्हती. मी आणि सासूबाई समोरासमोर बसलेलो असायचो, तेवढ्यात भाऊजी दारातून आत यायचे, टोपलीतला कांदा उचलायचे आणि आम्हा दोघींच्या बरोबर मधे फेकायचे. “कुणाचा?” असं ओरडायचे. दोघींपैकी एकीनं “माझा” म्हणायचं आणि झेलायचा, हा नियम. कांदा भुईवर आपटला, की कुणीतरी वारल्यासारखं तोंड करायचे. सासूबाई त्यांना कानडीत शिव्या घालायच्या. एकदा त्यांनी लिंबू फेकलं, तर मी “माझं” म्हणाले.

“वहिनी, माझा म्हणायचं. चेंडू असतो तो.”

“लिंबाला माझा कोण म्हणतं ओ?”

“खेळात सगळं माझा. माझं नाही, माझी नाही. तेवढा विचार करायला वेळ कुटं असतो?”

चनबसप्पा हे माझे धाकटे दीर. सोलापुरातल्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक होते आणि मुलींची व्हॉलीबॉलची टीम त्यांनी उभी केली. ते गेले तेव्हा कॉलेजात सभा झाली. शिस्त, त्याग, तपश्चर्या, असं पुष्कळ बोलले लोक. मी मागं बसून ऐकत होते. त्यातलं निम्मं खोटं नव्हतं, पण माणूस त्यात कुठंच दिसला नाही.

दिसायला ते बेताचेच. व्हॉलीबॉल खेळणाऱ्याला उंची लागते म्हणतात, ती यांना नव्हती. म्हणून स्वतः खेळायचे तेव्हा दुसऱ्याला मारता यावा म्हणून चेंडू वर उचलून द्यायचे. त्याला तेव्हा बूस्टर म्हणायचे. चेंडू लागून लागून त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली होती, शर्टाचं गळ्याजवळचं बटण त्यांना लावता यायचं नाही. रोज सकाळी हनुवटी वर करून माझ्यापुढं उभे राहायचे. मी बटण लावता लावता म्हणायचे, “बायको करा आता.” ते वर छताकडं बघत म्हणायचे, “टीम होऊ दे.”

टीमसाठी लग्न केलं नाही, हेही सभेत कुणीतरी सांगितलं. तसं काही नव्हतं. मुली बघायला मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले आहे. ग्राउंडवर वाघ, पण दुसऱ्याच्या घरात सतरंजीवर बसवलं की या माणसाची वाचा जायची. पोह्यांचं कौतुक करायचे, घराला नवा रंग दिलाय का विचारायचे आणि उठून यायचे. मुलीकडचे वाट बघायचे, आम्ही वाट बघायचो, आणि स्थळ दुसरीकडं जायचं. सासूबाई म्हणायच्या, “ह्यो बोलंल तवा पोरगी आजी झाल्याली असंल.”

टीमची सुरुवात बहात्तरच्या दुष्काळानंतरची. ग्राउंड मुरमाचं. प्यायला पाणी नव्हतं तिथं ग्राउंडवर कोण मारणार? पोरी खेळून आल्या की धुळीनं भुवया लाल दिसायच्या. साडी नेसून उड्या मारता येत नाहीत आणि चड्डी घालून बाप खेळू देत नाहीत, म्हणून मी त्यांना पायजमे शिवून दिले. ते शिवायच्या निमित्तानं मी ग्राउंडवर जाऊ लागले.

पहिले काही महिने भाऊजींनी ‘माझा’ म्हणण्याशिवाय दुसरं काही शिकवलंच नसेल. पोरी मेहनती होत्या. निम्म्या शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या, तेलुगू बोलणाऱ्या, निम्म्या आमच्यासारख्या कानडी घरातल्या नाहीतर खेड्यातून शिकायला आलेल्या. पण सगळ्यांच्या घरी एकच शिकवण, आधी दुसऱ्याला द्यावं. चेंडू दोघींच्या मधे आला, की ही तिच्याकडं बघायची, ती हिच्याकडं बघायची, आणि चेंडू मधे पडायचा. भाऊजी कपाळावर हात मारायचे.

“हळदीकुंकवाला आलाय काय? आधी तू घे, आधी तू घे! माझा म्हण, पोरी. चुकलं तरी चालंल. डोकी आपटली तर आपटू दे, पट्टी बांधू. पण न बोलता पाडलेला चेंडू मला चालायचा नाही.”

एका पोरीनं विचारलं, “सर, मोठ्यानं माझा माझा म्हणलं तर बरं दिसतंय का?”

“बरं दिसायचं असंल तर घरी आरशापुढं बस की.”

त्यात रेणुका होती. नरसय्या म्हणून एक विणकर होते, त्यांची मुलगी. अंगानं बारीक, आवाज मात्र मागाच्या खडखडाटात वाढलेला, त्यामुळं ग्राउंडच्या त्या टोकाला ऐकू जायचा. भाऊजींनी तिला आपली जागा दिली, बूस्टरची. तिचे हात चेंडूला लागले की आवाजच यायचा नाही. मला खेळातलं काही कळायचं नाही, पण हिनं दिलेला चेंडू मारायला सोपा असतो आणि टाळ्या मात्र चेंडू मारणारीला पडतात, हे मला दोन दिवसांत कळलं. स्वयंपाकघरातही तसंच असतं.

नरसय्यांनाही पोरीचं कौतुक होतं. नेटची वरची पट्टी फाटली तेव्हा त्यांनी आपल्या मागावर जाड पांढरी पट्टी विणून पाठवली होती.

रेणुका दुसऱ्या वर्षाला असताना टीम कोल्हापूरला विद्यापीठाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत गेली आणि थोडक्यात हरली. पुढच्या वर्षी जिंकणारच, असं भाऊजी झोपेतसुद्धा म्हणत असतील. सगळी टीम त्यांनी रेणुकाच्या हातांभोवती बांधली होती. आणि दसऱ्याच्या सुमारास तिला भिवंडीचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, घरचे माग होते. मंडळींना दिवाळीनंतर लगेच लग्न पाहिजे होतं. म्हणजे स्पर्धा गेली आणि शेवटचं वर्षही गेलं.

रेणुका आमच्या घरी आली. रडली बिडली नाही. उभ्या उभ्याच बोलली.

“सर, लग्नाला मी नाही म्हणत नाही. परीक्षा झाल्यावर करा म्हणते. बाबा माझं ऐकणार नाहीत. तुमी बोलला तर ऐकतील. तुमचा शब्द लई मानतात ते.”

“बोलतो,” भाऊजी म्हणाले. “रविवारी येतो.”

मुलीच्या घरी एकटं जायचं कसं, म्हणून मला बरोबर घेतलं. रस्ताभर ते पुटपुटत होते, शाळेतलं पोरगं कविता पाठ करतं तसं. “फक्त सहा महिने मागतो, नरसय्या. फक्त सहा महिने.” मला म्हणाले, “वहिनी, तुमी मधे बोलू नका. तुमी फटकन काहीतरी बोलाल. मी बोलतो.”

मी बरं म्हटलं.

घरात खाली माग चालू होते. आम्हाला बघून नरसय्यांनी ते बंद करायला लावले. विणकराच्या घरी दिवसाउजेडी माग थांबतो तो कुणी गेलं तर, नाहीतर फार मोठा पाहुणा आला तर. एकदम शांत झालं. वर नेऊन भाऊजींना लोडाशी बसवलं. चहा आला. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता, भुईपासून वीतभर वर. त्याच्याखाली दोन पांढरे कॅनव्हासचे बूट दिसत होते. खडूनं घासून पांढरे केलेले, सामन्याच्या दिवशी करतात तसे. पोरगी घरात बूट घालून उभी होती.

भाऊजींनी कप खाली ठेवला. “नरसय्या,” म्हणाले.

“बोला सर.” नरसय्या हात जोडून पुढं सरकले. “पण आधी मी बोलतो. तुमच्यामुळं पोरीचं नाव झालं. भिवंडीच्या लोकांनी पेपरात फोटो बघितला, म्हणून तर विचारलं. पोरीला मामा नाही. लग्नात मामाच्या जागी तुमी उभं राहायचं. नाही म्हणू नका.”

भाऊजी त्यांच्याकडं बघत राहिले. मी भाऊजींकडं बघत राहिले. खाली माग बंद, वर कुणी बोलेना. मग ते म्हणाले, “साडी कुठून घेतली लग्नाची?”

साडी दाखवायला आणली. भाऊजींनी काठ बोटांनी चाचपून बघितला, चांगला आहे म्हणाले. आम्ही उठलो तेव्हाही बूट तिथंच होते. जिना उतरलो तर मागनं माग सुरू झाले.

बरंच लांब चालून आलो. मग माझ्यानं राहवेना.

“भाऊजी, पडद्याखाली बूट दिसले का?”

“दिसले.”

“मग?”

ते थांबले. रस्त्यावर पसरून वाळत घातलेलं रंगीत सूत होतं, त्याच्याकडं बघून बोलले. “वहिनी, चेंडूला माझा म्हणता येतं. दुसऱ्याच्या पोरीला माझी कसं म्हणायचं?”

 मला राग आला. असला शब्दांचा घोळ पोटभर शिकलेल्या माणसालाच सुचतो. सहा महिने मागायला गेला होता, पोरगी मागायला नाही.

लग्नात ते मामाच्या जागी उभे राहिले. डोक्यावर मानाची टोपी, हातात अक्षता. रेणुकानं एकदाही वर बघितलं नाही, पण नवऱ्या मुलीनं बघायचंही नसतं, त्यामुळं त्यातून काही ठरवता येत नाही. त्या वर्षी टीम पहिल्याच सामन्यात हरून परत आली.

त्यानंतर भाऊजींनी घरात कांदा फेकणं बंद केलं. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, “बरा हाय न्हवं ह्यो?”

पुढं टीम जिंकू लागली ती कशी, ते मी सांगते. जून महिन्यात कॉलेज उघडलं, की नवीन पोरींची निवड व्हायची. चेंडूला हात लावायच्या आधी भाऊजी प्रत्येकीच्या घरी जायचे. बरोबर मी. बापाला समोर बसवायचे, चहा यायच्या आत बोलायचे. चहा आला की आपली वाचा जाते हे त्यांना कळलं होतं. वाक्य ठरलेलं होतं, “पोरगी तुमची, खेळ माझा. तीन वर्षं मोडायचा नाही. जमत नसेल तर आत्ता सांगा.” बोलताना कपाळाला घाम यायचा. मोहोळकडचा एक शेतकरी बाप हसून म्हणाला, “मास्तर, पोरगी मागाय आल्यावानी घाम का फुटलाय तुमाला?” भाऊजी म्हणाले, “मागायलाच आलोय.” त्या पोरीनं पुढं तिन्ही वर्षं टीमला जिंकून दिलं.

काही बापांनी नाही म्हटलं. काहींनी हो म्हणून शब्द मोडला, तेव्हा भाऊजी पुन्हा जाऊन दारात बसले. पण कॉलेजच्या कपाटात ढाली येत गेल्या. दुसऱ्या गावचे शिक्षक त्यांना विचारायला यायचे, सराव किती वेळ घेता, काय खायला घालता. हे हसायचे नुसते. कुठल्याही ढालीबरोबर त्यांनी फोटो काढून घेतला नाही. लोकांना तो साधेपणा वाटायचा.

ते रिटायर झाल्यावर आम्ही सगळे जुळे सोलापूर या नव्या वस्तीत राहायला आलो. शेवटी आजारपणात बोलणं बंद झालं होतं. रेणुकाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, मीही काढलं नाही. गेल्या पावसाळ्यात गेले.

सभेनंतर आठवड्यानं रेणुका आली. नातवंडं झालेली बाई, केस पांढरे. भिवंडीत सगळं चांगलं चाललंय म्हणाली. सरांच्या खूप आठवणी सांगितल्या. मग हसत हसत म्हणाली, “तुमी दोघं घरी आला होता बघा, तवा मी आत बूट घालून उभी होते. वाटलं, सर बाबांना हो म्हणायला लावतील, आणि तसंच ग्राउंडवर जायचं. वेडीच मी. पडदा होता मधे. सरांना कुटं दिसणार?”

ही गोष्ट तिनं सुनांना, नातवंडांना सांगितली असणार. सांगून सांगून ती हसायची गोष्ट झाली होती. मी मान हलवली असती तर तशीच राहिली असती. पण मला ते कधी जमलं नाही.

“दिसले होते,” मी म्हटलं.

तिचं हसू जिथल्या तिथं राहिलं. तिनं विचारलं, “काय म्हणाले?”

चेंडूला माझा म्हणता येतं, पोरीला माझी कसं म्हणायचं, असं म्हणाले होते ते मी तिला सांगितलं. ती आपल्या हातांकडं बघत बसली. बोटं अजून सरळ होती, थोड्याच दिवसांचा खेळ तो.

“मग मी म्हटलं असतं की,” ती म्हणाली. “पडद्याच्या बाहेर येऊन मीच ‘माझा’ म्हटलं असतं. मला वाटलं, तो चेंडू सरांचा हाय.”