फॉर्मात नसलेला प्रश्न
तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की मला चाकणजवळच्या एका गावातली ओसरी आठवते. मी तेव्हा तिथल्या एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात नवीन होते. कारखाना वाढवायला गावाचा विरोध होता आणि ग्रामसभा चार दिवसांवर आली होती. लोक धुरामुळेच चिडलेत असं धरून साहेबांनी वर्तमानपत्रांसाठी खुलासाही लिहून ठेवला होता. आधी गावाला विचारू, हा हट्ट माझा. धूर, पाणी, नोकऱ्या असे बारा प्रश्न घेऊन मी भर उन्हात घरोघर फिरले आणि सगळीकडे ‘ठीक हाय’ एवढंच ऐकलं. शेवटच्या घरी एक आजी ओसरीवर वाटीत शेंदूर कालवत होत्या. बाराही उत्तरं देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “पोरी, आमचा म्हसोबा तुमच्या कंपाउंडात गेला. दर अवसेला शेंदूर लावाया गेलं की गेटवर पास मागत्यात. आपल्याच देवाला भेटाया पास? तेवढं तुमच्या कागदात न्हाई इचारलं.” मी ते फॉर्मच्या पाठीमागे जसंच्या तसं उतरवलं. साहेबांनी दोनदा वाचलं, खुलासा फाडला आणि ग्रामसभेच्या आदल्या दिवशी म्हसोबाची वाट सगळ्यांना मोकळी करून दिली. सभेत पहिला हात त्या आजींचा वर झाला, कंपनीच्या बाजूने. आज माझ्या प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो: ‘आम्ही काय विचारायचं विसरलो?’ त्याबद्दल शाबासकी मला मिळते. प्रश्न आजींचा आहे.