साफ केलेली छाती

कळमनुरीच्या बाजारपेठेत राधाकृष्णचा फोटो स्टुडिओ होता. लग्न ठरवायला ज्या मुली फोटो काढायला येत, त्यांच्या गालांवरचे खड्डे तो पेन्सिलीने असे बुजवी, की पाहुणे खरी मुलगी बघून गोंधळत. याला तो कला म्हणे.

रंगीत फोटो आले आणि ही कला बसली. मग दोन हजार तीनच्या सुमाराला त्याने एक जुनं एक्स-रे मशीन आणि कॉम्प्युटर आणला, दारावर पाटी लावली, ‘कॉम्प्युटर रोग शोधतो.’ कॉम्प्युटर काहीच शोधत नव्हता. राधाकृष्ण फिल्म स्कॅन करी, फोटोच्या प्रोग्रामात काळं अजून काळं, पांढरं अजून पांढरं करी आणि चकचकीत कागदावर छापून देई. मोडलेल्या हाडाभोवती लाल गोल तोच काढी. लोक तो कागद जीपमध्ये कौतुकाने एकमेकांना दाखवत. शेजारचे डॉक्टरही फिल्म मागेनासे झाले. ती उजेडाकडे धरावी लागते, कागद टेबलावर पडल्या पडल्या दिसतो. एवढ्या सोयीवर त्यांची विद्या खूश होती.

पावसाळ्यात सोजराबाई आली, सून राणीच्या आधाराने. महिनोन् महिने खोकला, संध्याकाळी ताप.

“भाऊ, टीबी हाय का तेवढं सांगा,” राणी म्हणाली. “लेकरू हिच्याच कुशीत झोपतंय.”

“मी न्हाई, कॉम्प्युटर सांगतो. काहून घाई करता?”

“मंग त्याला म्हणावं, बोल बाबा लवकर,” सोजराबाई खोकत खोकत हसली.

पडद्यावर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला धुरकट ठिपका होता. राधाकृष्णला वाटलं, फिल्म धुताना पडलेला डाग. शेजारचा स्वच्छ तुकडा उचलून त्याने त्यावर बसवला. लबाडी त्याच्या मनातही नव्हती. लबाडाला निदान आपण काय झाकतोय ते ठाऊक असतं.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि खोकल्याची बाटली दिली. लेकरू आजीच्या कुशीतच राहिलं.

थंडीत सोजराबाईच्या खोकल्यातून रक्त पडलं. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुनी फिल्म मागितली, म्हणून राणी परत स्टुडिओत आली.

“फिल्मा विकल्या. त्यातून चांदी काढतेत,” राधाकृष्ण म्हणाला.

“आमच्या फिल्मीत काही दिसलं न्हवतं?”

“बराबर आठवतंय. वर एक डाग होता. मी साफ करून दिला.” त्याच्या आवाजात केलेल्या कामाचा अभिमान होता.

राणी दारातच उभी राहिली. “लेकराला बी ताप येऊन राहिला. त्याची बी तपासणी सांगितलीय.”

“मंग आणा की इथं. तुमच्यासाठी कमी घेतो.”

बाकावर माणसं वाट पाहत होती. राणी त्यांच्याकडे वळली. “उठा इथून. हा माणूस रोग पुसतो.”

कुणी उठलं नाही. तिने दारातून बाजूला व्हावं, म्हणजे आत उजेड येईल, असं एकजण म्हणाला.