थंड गाडीचा ब्रेक

रंजिता राठोड बाभुळगावच्या एका दवाखान्यात रक्त-लघवीच्या तपासण्या करते. राहते यवतमाळला, वडिलांसोबत. सकाळी आठला लाल रंगाची छोटी गाडी काढायची आणि चारच्या सुमारास परतायचं, असा नऊ वर्षांचा नेम. वर्षातून दोन रविवारी ती हीच गाडी घेऊन नागपूरच्या पलीकडे एका खाजगी ट्रॅकवर जाते, हे मात्र तांड्यावरच्या नातलगांना ठाऊक नाही. दोन किलोमीटरचा वळणावळणाचा ट्रॅक आहे. नाव नोंदवून, हेल्मेट घालून हौशी माणसं तिथे आपापल्या गाड्या पळवतात.

दुसऱ्याच खेपेला, सहाव्या फेरीत, तिच्या पायाखालचं पेडल भुसभुशीत झालं आणि खाली गेलं. गाडी वळण सोडून गवतात शिरली, पन्नास-साठ फुटांवर थांबली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. कोणाला काही झालं नाही. घरी येताना तिने सगळा रस्ता चाळीसच्या वर गाडी नेली नाही.

दारव्हा रोडवरच्या उकंडा मेकॅनिकने चाक उघडलं. ब्रेकच्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता.

"ब्रेक ऑइल उकळलं," तो म्हणाला. "उकळलं का त्यात बुडबुडे होते, अन् मंग पेडल नुसते बुडबुडेच दाबते. पॅडबी जळले. हे घरून दवाखान्यात जायचे पॅड हाये ताई. तुमी त्याईले भट्टीत घातलं."

ट्रॅकवरच्या मंडळींनी फोनवर एकमुखाने सांगितलं, रेसचे पॅड टाक. तिने पुण्याहून मागवले. उकंडाने नवं ऑइल भरलं, पॅड बसवले आणि म्हणाला, "थंडे असले तर किती पकडते, ते पाहून घ्या बरं." तिने मान हलवली. पाहिलं नाही.

गावातल्या सिग्नलवर गाडी किंचाळू लागली. तिचे वडील धावजी ओसरीवर बसलेले असत. एकदा त्यांनी विचारलं, "गाडी रडून काहून राह्यली?"

"रेसचे पॅड हाये, बा."



डिसेंबरातल्या एका सकाळी धुकं होतं. बाभुळगावच्या अलीकडच्या वळणावर कापसाने भरलेली बैलगाडी समोर आली. रंजिताने ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट होतं, पण गाडीचा वेग हवा तसा उतरेना. तिने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी तुरीच्या शेतात घातली. बैल बिचकले, गाडीवान खाली उतरून आला. "लागलं का बाई?" त्याने विचारलं. लागलं नाही म्हणत तिने गाडी मागे घेतली. 

संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. धावजींनी राजूरला कोळशाचे टिपर सव्वीस वर्षं चालवले होते. नंतर एकाएकी सोडले. गुडघे दुखतात, एवढंच कारण घरात माहीत होतं.

"भरलेला टिपर उतारावरून आणून राह्यलो होतो," ते म्हणाले. "ब्रेक लागला नाही. मी मातीच्या ढिगात घातला. क्लीनरचा पाय गेला. त्याच्यानंतर ब्रेकवर पाय ठेवला का घाम ये."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय होत होतं." मग ते म्हणाले, "तू तिकडे वर्षाचे दोन दिवस जातं. इकडे रोज सकाळचा पह्यला ब्रेक थंड्या गाडीचाच राह्यते."

रंजिताने या वेळी कोणाला विचारलं नाही. पॅडच्या माहितीपत्रकांतले तापमानाचे आकडे वहीत उतरवले. रेसचे पॅड अडीचशे अंशांच्या पुढे नीट पकडत. गाडीसोबत आलेले कंपनीचे साडेतीनशेनंतर हात टेकत. तिला सकाळच्या गारठ्यात पहिल्याच दाबाला पकडणारे आणि पाचशेपर्यंत तग धरणारे हवे होते. असे मधले पॅड निघाले. रस्त्यावर थोडी जास्त काळी भुकटी पाडतात, एवढाच त्यांचा दोष.

"हे चांगले," उकंडा म्हणाला. "पण ट्रॅकवर आराम न देता पळवाल, तर हेबी जळतीन."

नवे पॅड आधी चाकातल्या डिस्कवर घासून जमवून घ्यायचे असतात. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगावरून वीसवर, पुन्हा ऐंशी, पुन्हा वीस, असं दहा वेळा, मध्ये कुठेही न थांबता. धावजी शेजारी बसून मोजत होते. सातव्या वेळी जळका वास आला तेव्हा त्यांनी दाराची कडी घट्ट धरली, पण मोजणं सोडलं नाही. दहा झाल्यावर म्हणाले, "आता ब्रेकले हात नको लावू. दहा किलोमीटर चालव, थंडी होऊ दे. उभी केली तरी हँडब्रेक ओढू नको."

फेब्रुवारीत ते तिच्यासोबत ट्रॅकवर आले आणि कुंपणाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. रंजिता तीन फेऱ्या जोरात मारी, चौथी सावकाश, मग गाडी बाजूला घेई. वळणाआधीची तिची ब्रेकची जागा इतरांपेक्षा अलीकडे होती. पेडल दिवसभर घट्ट राहिलं. दुपारनंतर तिचे खांदे सैल पडले. आपण सकाळपासून ते आवळून धरले होते, हे तिला तेव्हा कळलं.

ट्रॅकवर येणाऱ्यांपैकी विक्कीची गाडी त्याच मॉडेलची. एका फेरीत तो तिच्या चार सेकंद पुढे होता. "रेसचे पॅड परत टाक ना," तो म्हणाला. "चार सेकंद तिथंच हाये."

"मले उद्या याच गाडीनं कामावर जायचं हाये."

विक्की हसला. त्याची गाडी ट्रेलरवर चढून येते आणि ट्रेलरवरूनच घरी जाते. रंजिताने डिकीतून रेसच्या पॅडचा खोका काढला आणि त्याच्या हातात दिला.