पाळण्यातला वरवंटा

इथे मी आजवर फक्त वाचायला यायचे. खरं सांगायचं तर हसायला. कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाच्या काकांच्या गाडीवर मागे कुणीतरी येऊन बसलं... असलं काही सापडलं की मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं चहा पिता पिता खिदळायचो. माझं माहेर केडगावचं. बाबा विज्ञानाचे शिक्षक, त्यामुळे घरातले देव शोकेसमध्ये, बाहुल्यांच्या शेजारी. दृष्ट काढायलासुद्धा बंदी. आणि आज मीच इथे लिहायला बसले आहे, याची लाज वाटते. पण दुसरीकडे कुठे सांगू? विक्रांतला, म्हणजे नवऱ्याला, सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल, आणि सुरुवात काही माझी चांगली नाही. नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसंच.

आम्ही नेदरलँड्सला, आइंडहोवनमध्ये राहतो. विक्रांतचं गाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं), पारनेरपासून आठ-दहा किलोमीटर आत. तिथे सासूबाई एकट्या असतात. त्यांच्याकडे सासूला 'आत्या' म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. शेजारच्या घरात माझी चुलतजाऊ, मंगलताई. एवढीच माणसं या गोष्टीत आहेत.

मला दिवस गेल्याचं कळलं तशी आत्यांनी तिकडे तयारी सुरू केली. पहिलं बाळंतपण माहेरी होत नाही म्हणजे मग सासूनेच करायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. पासपोर्ट काढला. जुन्या लुगड्यांची सात दुपटी शिवली. डिंकाचे लाडू, बाळगुटी, शेकायची शेगडीसुद्धा बांधून ठेवली. "इमानात शेगडी घेत्यात का गं?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं होतं. सगळ्या गावाला सांगून झालं, की मी नातवंडासाठी परदेशी चालले.

मला त्या नको होत्या. स्पष्टच लिहिते. सकाळी बाल्कनीत बसून मशेरी लावणार, येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या माणसांकडे टक लावून बघणार, माझ्या ऑफिसच्या मैत्रिणी आल्या की मध्येच येऊन बसणार... मला माझी मम्मी हवी होती. आणि आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघी मावणार नव्हत्या.

आत्यांचा व्हिसा झाला. गावात कुरिअर वेळेवर पोहोचत नाही म्हणून आम्ही पत्ता केडगावचा दिला होता. मम्मीने पाकीट फोडलं, आतल्या पासपोर्टवरच्या व्हिसाचा मला फोटो पाठवला. मी तो फोटो तीन-चार वेळा पाहिला आणि मम्मीला म्हटलं, "कपाटात ठेवून दे. नाही झाला म्हणून सांगायचं." मम्मी म्हणाली, "अगं, त्यांनी शेगडी बांधून ठेवली आहे." मी म्हटलं, "मग सोडतील." विक्रांतला सांगितलं की कागदपत्रं अपुरी पडली. त्याने उसासा टाकला आणि लॅपटॉप उघडला. आत्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "माझ्या अंगठ्याच्या रेघाच झिजल्यात, तिथल्या मशिनीला दिसल्या नसतील." त्यावर मी "हो ना" म्हणाले.

मार्चमध्ये इरा झाली. इकडच्या पद्धतीप्रमाणे पहिला आठवडा एक नर्स घरी येते. तिने इराच्या पायाशी गरम पाण्याची बाटली ठेवली, आलेल्या-गेलेल्याला गुलाबी बडीशेपेची बिस्किटं वाटली. मम्मी होती. सगळं छान होतं, फक्त इरा झोपत नव्हती. दिवसभर टाहो. मम्मीने मांडीवर घेतलं, विक्रांतने छातीशी बांधलं, मी तर रडलेच. पोरगी डोळा मिटायला तयार नाही.

बाराव्या दिवशी आत्यांनी गावात बारसं केलं. बाळ आइंडहोवनला, बारसं पारनेर तालुक्यात! विक्रांत ज्या पाळण्यात वाढला, तो त्यांनी माळ्यावरून उतरवून घासला होता. आम्ही व्हिडिओ कॉलवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात. त्याला कुंची-टोपडं घालायचं, बायकांनी तो पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचा, आणि मग वरवंटा काढून त्याच्या जागी बाळ. त्या दिवशी वरवंट्याला टोपडं घातलेलं बघून मी माईक बंद करून पोट धरून हसले. नाव ठेवून झालं, "इरा". मग मंगलताईंनी विचारलं, "आत्या, आता वरवंटा काढायचा ना?"

"काढायचा कसा?" आत्या म्हणाल्या. "त्याच्या जागंला बाळ निजवल्याबिगर काढत न्हाईत. आन् रिकामा पाळना हालवू ने. ऱ्हाऊ दे. माझी ठकू येईस्तवर ह्योच ऱ्हाईल."

ठकू हे त्यांनी ठेवलेलं नाव. मी नाक मुरडलं आणि कॉल बंद केला.

त्या दुपारी इरा झोपली. साडेबाराला झोपली ती अडीचला उठली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मम्मी परत गेली, माझी सुट्टी संपली. डे-केअरला नंबर लागत नव्हता. घरूनच काम करायचं होतं, आणि पोरगी घड्याळ लावल्यासारखी माझ्या मीटिंगच्या वेळी झोपायची. मी मैत्रिणींना सल्ले द्यायला लागले, सवय लावावी लागते वगैरे. रविवारी मात्र टक्क जागी. आणि दुसरी एक गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते. झोपेत ती गार पडायची. श्वास चालू, ओठ गुलाबी, पण अंग थंडगार. आणि उचलायला गेलं तर जड... हात खांद्यातून निघतो की काय इतकी जड. बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सने काट्यावर ठेवली तर वजन अगदी वयाला साजेसं. नर्स म्हणाली, तुम्ही दमला आहात. मी ते मानून घेतलं, कारण मला ती दुपार हवी होती.

इरा सहा महिन्यांची असताना मंगलताईंनी कसल्याशा कामासाठी व्हिडिओ कॉल केला. तिकडे चार वाजले होते. त्यांनी कौतुकाने फोन फिरवला, "ह्या बघा तुमच्या सासूबाई." आत्या भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाळणा हलत होता, आत कुंचीतला वरवंटा. मंगलताई म्हणाल्या, "रोज चार ते सहा ह्येच. रविवारी बाजार असतो म्हनून तेवढं न्हाई."

फोनकडे बघताना आत्यांचा पाय थांबला. माझ्यामागे इरा उठून रडायला लागली.

मी हसतच म्हटलं, "आत्या, झोका द्या बरं." त्यांनी पाय हलवला. इरा गप्प झाली. मी म्हटलं, "थांबा." त्या थांबल्या. इरा रडली. असं मी पाच वेळा केलं. विक्रांतला दाखवलं तर तो म्हणाला योगायोग आहे, लहान मुलं अशीच रडतात-थांबतात. मग त्यानेही दोनदा करून बघितलं आणि मीटिंगला निघून गेला.

एखादी आई घाबरली असती. मी काय केलं ते सांगते. मी आत्यांना मेसेज पाठवायला लागले. त्यांना वाचता येत नसल्यामुळे आवाजातले. 'आत्या, आज अडीचलाच झोका द्या.' 'आत्या, आज तीन तास लागतील.' त्यांना तर आनंदच. "देते की माय, मला दुसरा उद्योग काय हाय?" त्यांनी रविवारचा बाजार सोडला. पाय सुजला तेव्हा पाय बदलला. त्यांचा सख्खा भाऊ वारला, त्याच्या दहाव्याला जाणार होत्या, त्या दिवशी नेमकं माझं प्रेझेंटेशन होतं. मी म्हटलं, "आत्या, जमलं तर जाऊ नका ना."  त्या म्हणाल्या, "बरं. मेलेला काय उठून बसनार हाय व्हय." आणि गेल्या नाहीत. प्रेझेंटेशन उत्तम झालं.

या सगळ्यात त्या एकच मागत होत्या. 'पोरीला कवा आनताय?' मी म्हणायचे, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या मंगलताईंच्या मुलीला घेऊन केडगावला गेल्या. पुन्हा व्हिसाला अर्ज करायचा म्हणून पासपोर्ट मागायला. मम्मी घरी नव्हती. बाबांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी कपाटातून काढून हातात दिला. मुलगी बारावीतली. तिने एसटीतच उघडून त्यातला व्हिसा वाचला.

आठवडाभर आत्यांचा फोन नाही. इराची झोप मात्र सुरू होती, म्हणजे झोका सुरू होता. मग एके दुपारी फोन आला.

"मधुरा, व्हिसा लागला हुता म्हनं."

मी लॅपटॉप अर्धवट मिटला. 

"म्या भांडाया फोन न्हाई केला," त्या म्हणाल्या. "तू म्हन, आत्या, चुकले. एवढंच. आज वरवंटा काढते, पाट्यावर ठिवते. तुझी लेक तुझी. म्हन."

एक शब्द होता. पण त्यांच्यापुढे चुकले म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मंगलताई शेजारी उभ्या असतील, उद्या गावभर होईल, विक्रांतला कळेल... आणि दहा मिनिटांनी मीटिंग होती. मी म्हणाले, "व्हिसा नव्हताच झाला, आत्या. तुम्हाला कुठे वाचता येतं?"

पलीकडे पाळण्याची कडी कुरकुरताना ऐकू येत होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग ऱ्हाऊ दे पाळन्यात. माझ्याकडं हाय ती माझी."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. विक्रांतशी बोलायच्या, तो ऑफिसात असताना. इरा त्यांना ना बघत होती, ना ऐकत होती. दीड वर्षाची होऊनही तिच्या तोंडून शब्द नव्हता, आणि फुटला तो 'न्हाई'. मग 'हाय'. मग 'व्हय'. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. विक्रांत हरखून गेला, "रक्त बघ कसं बोलतं!" मला ती आई म्हणत नव्हती. मम्मा नाही, काहीच नाही. काही हवं असलं की माझी बाही ओढायची. 'इरा' म्हटलं तर वळायची नाही. एक दिवस मी दार लावून घेतलं आणि हळूच म्हटलं, "ठकू..." तिने लगेच वळून बघितलं.

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही गावी गेलो. इरा पावणेतीन वर्षांची. गाडी अंगणात थांबली तशी ती विक्रांतच्या कडेवरून उतरली. माझी पोरगी अनोळखी घरात पाऊल टाकायला अर्धा तास लावते. ती ओटा चढली, भाकरतुकडा घेऊन उभ्या राहिलेल्या मंगलताईंच्या बाजूने आत गेली, मधली खोली ओलांडली आणि मागच्या खोलीत आत्यांच्या मांडीवर जाऊन बसली. मी धावतच मागोमाग गेले.

"आलीस व्हय, ठकू?" आत्या म्हणाल्या.

इरा म्हणाली, "म्या हितंच हुते की."

दुसऱ्या दिवशी विक्रांत इराला घेऊन शेतावर गेला तेव्हा मी आत्यांपुढे बसले. पदर पसरायचा बाकी ठेवला. सांगितलं, की व्हिसा झाला होता, मीच दडवला, मी चुकले. चुकले हा शब्द मी सहा-सात वेळा म्हटला असेन. त्या शेंगा फोडत होत्या. माझं होईपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही.

"मला कुठं वाचता येतं, पोरी," त्या म्हणाल्या. "तू तवा सांगितलंस तेच खरं."

"मग मी काढते तो वरवंटा."

"काढ की. तिकडं भितीला पाटा हाय, त्याच्यावर ठिव. तीन वर्सं झाली, मिक्सरवर वाटते मी. काढ, आन् बघ काय हुतंय ते."

मी पाळण्याशी गेले. तेल लावून लावून दगड काळा चकचकीत झाला होता. टोपडं नवीन होतं, तीन वर्षांच्या मुलाला बसेल एवढं. मी हात लावला. ऊब होती. डिसेंबरच्या गारठ्यात, सावलीतल्या त्या दगडाला आत्ताच झोपेतून उठलेल्या मुलाच्या पाठीसारखी ऊब होती. मी हात मागे घेतला. माझी हिंमत झाली नाही. भिंतीशी पाटा होता, त्याच्यावर मिरच्या वाळत टाकल्या होत्या.

निघताना इरा रडली नाही. तिने आत्यांकडे वळून पाहिलंही नाही, आणि आत्यांनीही तिला. निरोप आम्ही दोघांनीच घेतला.

डॉक्टरांना दाखवलंय. रक्त, हृदय, थायरॉइड, सगळं नॉर्मल. बोलण्याबद्दल ते म्हणाले, घरात दोन भाषा असल्या की उशीर होतो. विक्रांत म्हणतो मला विश्रांतीची गरज आहे. माझ्याकडे कसलंच स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर द्या, पण कृपा करून उतारे-तोडगे सांगू नका. तोडगा मला माहीत होता, फोनवर सांगितला होता मला.

आता इकडे हिवाळा आहे, म्हणजे तिकडचे चार आमच्या साडेअकराला वाजतात. इरा खेळणी टाकून आपणहून आत जाते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. मी मॅनेजरला सांगून दुपारच्या सगळ्या मीटिंग बंद करून घेतल्या आहेत. आजही तिच्याशेजारी जाऊन बसले. झोपेतच तिला मांडीवर घ्यावं म्हणून दोन्ही हात तिच्या पाठीखाली घातले. पाठ गार होती. पुष्कळ जोर लावला... मला ती उचलता आली नाही.