गाण्यातली हाक

आमचा नाफेर अकॉर्डियन वाजवायचा, स्वतः गाणी रचायचा. मी त्याचा ढोलकीवाला. पठ्ठ्या जीव लावून बसला जमीनदाराच्या दिओसेलिनावर! तिच्या बापाने त्याला अंगणातूनच हाकललं. "वाजवणारे आमच्याकडे मागच्या दाराने येतात!" आणि मुलगी दिली गुरांचे कळप बाळगणाऱ्या आर्मेल बाकेरोला.

तिच्यावर रचलेलं नाफेरचं गाणं पुढे एका नावाजलेल्या गायकाने रेकॉर्ड केलं. आमच्या वाय्येदुपार गावात गाण्याच्या मधोमध बड्या माणसाला नावाने हाक मारतात. ज्याची बिदागी, त्याचं नाव. दुकानात रेकॉर्ड लागली. पहिलं कडवं संपलं आणि गायक ओरडला, "ऐकताय ना, दोस्त आर्मेल बाकेरो!"

माझ्या हातातला कप खाली पडला. नाफेर पांढराफटक.

मी तडक जाऊन त्या गायकाची गचांडी धरली. "लाज नाही वाटली? तिच्या गाण्यात त्या सांडाचं नाव? काय दिलं रे त्याने तुला?"

"त्याला कुठे काय माहीत! बाईसाहेब स्वतः आल्या, हातातली बांगडी काढून दिली. म्हणाल्या, नवऱ्याचं नाव घाला. मग तोच हे गाणं घरात रोज लावेल."