गार लागलेली ट्यूब

ट्यूब हातात घेतली आणि ती गार लागली. तिथेच माझं डोकं फिरलं.

समोर डॉक्टर निखिल उभे होते. रक्तसंक्रमण विषयात एम.डी. करायला आलेले, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट. मी ब्लड बँकेतली सीनियर टेक्निशियन. लेबर वॉर्डात बाळंतपणानंतर एका बाईचं रक्त थांबत नव्हतं. वॉर्डातून आलेल्या ट्यूबवरून तिचा गट बी निघाला होता. पण पेशंट नवीन असला की आम्ही एका ट्यूबवर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या माणसाने जाऊन पुन्हा सुई टोचून सॅम्पल आणायचं. कारण घाईत ट्यूबवर भलतंच नाव पडतं, आणि क्रॉसमॅचमध्ये ते कळत नाही. क्रॉसमॅच म्हणजे ट्यूबमधलं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून बघणं. ट्यूबमधलं रक्त कोणाचं, हे त्यात कुठे दिसतं?

निखिलना मी त्यासाठीच पाठवलं होतं. पाच मिनिटांत परत आले. ताजं रक्त हाताला कोमट लागतं.

"डॉक्टर, हे आत्ता काढलंत?"

"हो ताई. जल्दी करा."

मी सांगितलं, ओ निगेटिव्हची पिशवी न्या, ती कोणालाही चालते. बी मिळणार नाही. त्यांनी विभागप्रमुखांना फोन लावून माझ्या हातात दिला. ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या उरल्या होत्या, म्हणून सर भडकले.

"बाई, डॉक्टरांना शिकवू नका. बी द्या."

"लिहून द्या सर. तुमची सही आली की बी देते."

फोनवर शांतता. तीर्थपुरीच्या बाजारात आईजवळ भाजी विकताना मी एक शिकले होते: समोरचा गप्प झाला की आपण तोंड उघडायचं नाही. शेवटी सरच म्हणाले, ओ निगेटिव्ह द्या.

पिशवी गेली, पाठोपाठ मीही वॉर्डात गेले. सासू उशाशी बसली होती. रक्त काढायला सुनेला सुई किती वेळा टोचली, मी विचारलं.

"हिला कुठं टोचली? त्या शेजारच्या खाटंवरलीचं काढलं मघाशी. मंग हिचं कवा काढता?"

मी स्वतः काढलं. गट ओ. बी चढलं असतं तर ती बहुधा टेबलावरच गेली असती. निखिलनी नंतर कबूल केलं: पहिल्या वेळचं जास्तीचं रक्त वॉर्डातल्या टेबलावर होतं, तेच उचललं. "रक्त तेच ना ताई, पुन्हा कशाला टोचायचं?"

बाई वाचली. बाळाला घेऊन जीपने गावी गेली.

मला मेमो मिळाला: परवानगीशिवाय वॉर्डात जाणे, डॉक्टरांशी उद्धट वर्तन. पुढे सेमिनार झाला, चुकीचं सॅम्पल वेळेत कसं ओळखलं यावर. सादर करणारे डॉक्टर निखिल, मार्गदर्शक सर. मी मागे उभी. कोणीतरी विचारलं, संशय कशावरून आला? निखिलनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "क्लिनिकल जजमेंट."

आता नवीन रेसिडेंट आला की आधी त्याच्या लॉगबुकात 'कोणी शिकवलं' या रकान्यात माझं नाव लिहून घेते. मगच ट्यूब हातात देते आणि गार-कोमट सांगते. सर नंतर ते नाव खोडतात. खोडलेलंही वाचता येतं.